अडथळ्यांची शर्यत : ललिता बाबर ह्यांची धाव आणि तिचे वर्णन

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ द जानेरो येथील ऑलिंपिक स्पर्धेत महिलांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी झाली. तीत सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर धावल्या आणि दहाव्या आल्या. ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. तथापि त्या दिवशी नेमके काय घडले, ते किती कठीण होते आणि त्या तेथवर कोणत्या वाटेने पोचल्या, हे सांगू शकेल असा वाचक विरळाच. ह्याचा दोष वाचकाकडे जात नाही. ज्या शब्दांतून ही वार्ता त्याच्यापर्यंत आली, त्या शब्दांनीच तिचा बराच भाग झाकून टाकला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणून येथे त्या कारकिर्दीची हकीकत सांगता सांगता तिच्या वर्णनाची भाषाही तपासावयाची आहे.

प्रथम शर्यतीच्या नावाविषयी. 'स्टीपलचेस' हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मध्ये लागतील ती कुंपणे, चर आणि ओढे ओलांडीत घोडा नेणे हा त्याचा मूळ अर्थ. पुढे माणसेही तशी धावू लागली आणि यथाकाल त्या रानाचे अवशेष आखीव मैदानावर उरले; कुंपणाच्या जागी लाकडी अडसर आला आणि ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा. मराठी वृत्तपत्रांनी ह्या शर्यतीला 'अडथळ्यांची शर्यत' म्हटले. प्रतिशब्द सुबोध आहे, परंतु तो मोकळा नव्हता. शंभर किंवा चारशे मीटरच्या ज्या शर्यतीला इंग्रजीत 'हर्डल्स' म्हणतात, तिच्यासाठी तो आधीच खर्ची पडलेला होता. दोन अगदी भिन्न वस्तूंना एकच नाव पडले म्हणजे जी वस्तू अधिक परिचित असते तिचेच चित्र मनात उभे राहते. एम. ए.च्या वर्गात एकदा मी विद्यार्थ्यांना 'अडथळ्यांची शर्यत' ह्या शब्दांनी डोळ्यांपुढे काय येते, असे विचारले. बहुतेकांनी पाय लागताच पडणाऱ्या हलक्या चौकटींचे वर्णन केले. पाण्याचा उल्लेख एकाच विद्यार्थिनीने केला. ती जिल्ह्याच्या स्पर्धांत धावलेली होती. मैदानावर ह्या शर्यतीला काय म्हणतात असे विचारता ती म्हणाली, "सर, आम्ही नुसतं स्टीपल म्हणतो." 

वस्तुतः ह्या दोन शर्यतींतील भेद मूलभूत आहे. हर्डल्समधील चौकट धक्का लागताच कलंडते आणि प्रत्येकीच्या पट्ट्यात तिची स्वतंत्र चौकट असते. स्टीपलचेसमधील अडसर जाड तुळईचा असतो. तो पडत नाही, आणि तो सर्वांना सामाईक असतो, त्यामुळे पंधरा-अठरा जणींचा घोळका एकाच वेळी त्याच्यावर येऊन पोचतो. पुढचीच्या पाठीआड तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसतही नाही. महिलांसाठी त्याची उंची ७६.२ सेंटिमीटर आहे. तीन हजार मीटरमध्ये असे अडसर २८ वेळा ओलांडावे लागतात आणि शिवाय सात वेळा पाण्याचा खड्डा लागतो. ह्या खड्ड्याची लांबी ३.६६ मीटर असून तो अडसराच्या पायथ्याशी खोल आणि पुढे उथळ होत जातो. जी लांब झेपावते तिला घोटाभर पाणी लागते. जी दमल्यामुळे जवळच उतरते तिला अधिक खोल पाण्यातून पाय ओढून काढावा लागतो. म्हणजे थकव्याची शिक्षा थकलेल्यालाच अधिक, अशी ह्या खड्ड्याची रचना आहे. एकूण ३५ वेळा धावेची लय मोडावयाची आणि ३५ वेळा ती पुन्हा जुळवावयाची, हे ह्या शर्यतीचे मर्म होय.

आणि नेमके हेच मर्म 'अडथळ्यांची शर्यत' ह्या शब्दांमुळे दुरावले. कारण हा शब्दप्रयोग मराठीत केवळ क्रीडावाचक नाही. तो रूपक म्हणून अतिशय वापरातला आहे. संसार, नोकरी, परीक्षा, सर्व काही आपल्याकडे अडथळ्यांची शर्यत असते. माणसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरची मुलगी ह्या नावाच्या शर्यतीत उतरली, तेव्हा लेखणीला हे रूपक टाळणे अशक्यच झाले. दुष्काळ हा एक अडथळा, परिस्थिती हा दुसरा, अशी मांडणी आपोआप झाली आणि मैदानावरचे पस्तीस खरे अडथळे बाजूला पडले. दुष्काळी मुलखातील मुलगी पाण्यावरून उडी मारते, ही विरोधाची शोभाही कित्येकांना मोहवून गेली. दुष्काळ खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. माण हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे आणि तेथील शेती पावसाच्या मर्जीवर चालते. परंतु दुष्काळाने कोणी ९ मिनिटे १९ सेकंदांत स्टीपलचेस धावत नाही. तसे असते तर माणमधील प्रत्येक घरात एक ऑलिंपिकपटू असता.

ह्या कारकिर्दीतील खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे, आणि ती म्हणजे तिचा उलटा क्रम.

ललिता बाबर ह्यांचा जन्म २ जून १९८९ चा. २००५ मध्ये पुण्यास झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत वीस वर्षांखालील गटात त्यांनी सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या पहिल्या आल्या. जगात सामान्यतः धावपटूची वाट अशी असते की, तारुण्यात पंधराशे, तीन हजार, पाच हजार मीटर अशा मैदानी शर्यती धावावयाच्या, वेग पुरता कमवावयाचा आणि पाय जड होऊ लागले म्हणजे त्या वेगाची शिदोरी घेऊन मॅरेथॉनकडे वळावयाचे. आपल्याकडे ही वाट पुष्कळदा आरंभीच सुटते. ह्याचे कारण आर्थिक आहे आणि ते स्पष्टपणे मांडले पाहिजे. रस्त्यावरील शर्यतींना रोख बक्षिसे असतात, त्या गावोगावी होतात आणि खेड्यातून आलेल्या मुलीला त्या बक्षिसांतून बूट, आहार आणि प्रवास भागवता येतो. मैदानावरील शर्यतीत अर्धा सेकंद वाचवण्यासाठी दोन वर्षे खर्ची घालणे तिला परवडत नाही. परिणामी वेग पक्व होण्यापूर्वीच पल्ला वाढतो, आणि 'लांब पल्ल्याची धावपटू' हे बिरुद लवकर मिळते.

'लांब पल्ला' ही संज्ञादेखील येथे थोडी फसवी आहे. तीन हजार मीटर आणि ४२.१९५ किलोमीटर ह्या दोहोंना आपण तिच्यात बसवतो. प्रत्यक्षात पहिली शर्यत साडेनऊ मिनिटांची आणि दुसरी पावणेतीन तासांची. दोहोंत धाप लागते, एवढेच काय ते साम्य.

मुंबईची हॅटट्रिक पूर्ण झाली त्या जानेवारी २०१४ मध्ये ललिता बाबर चोवीस वर्षांच्या होत्या. मॅरेथॉनसाठी त्यांना त्या वर्षी २ तास ५० मिनिटांच्या घरात वेळ लागला होता. देशात पहिले येण्यास हा वेळ पुरेसा होता. आशियाई पदकाच्या आसपासही तो नव्हता. येथे त्यांनी जो निर्णय घेतला तो ह्या साऱ्या हकीकतीचा कणा आहे. ज्या शर्यतीत त्या देशात निर्विवाद पहिल्या होत्या आणि जिच्यातून मिळकत होती, तिच्यावरचे लक्ष काढून त्यांनी चौदावा हिस्सा लांबीच्या, तंत्राने कठीण अशा शर्यतीकडे ते वळवले. ह्या काळात बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह हे त्यांचे प्रशिक्षक होते. त्यांचे २०२१ मध्ये पतियाळा येथे निधन झाले.

महिलांची स्टीपलचेस ही तशी अर्वाचीन शर्यत आहे. जागतिक स्पर्धेत ती २००५ मध्ये आली, ऑलिंपिकमध्ये २००८ साली आणि आशियाई क्रीडास्पर्धेत २०१० साली. ग्वांगझू येथील त्या पहिल्याच आशियाई शर्यतीत रायबरेलीच्या सुधा सिंग ह्यांनी सुवर्णपदक मिळवले होते, आणि ९ मिनिटे ४७.७० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रमही त्यांच्याच नावावर होता. सप्टेंबर २०१४ मध्ये इंचॉन येथे ललिता बाबर ह्यांनी हा विक्रम १२ सेकंदांहून अधिक फरकाने मोडला आणि ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत कांस्यपदक घेतले. रौप्यपदक विजेती त्यांच्या १४ शतांश सेकंद पुढे होती. चौथ्या क्रमांकावर स्वतः सुधा सिंग होत्या आणि त्यांनीही आपला जुना विक्रम सुमारे बारा सेकंदांनी मागे टाकला होता. ही गोष्ट वृत्तांतून फारशी पुढे आली नाही, कारण चौथ्या क्रमांकाला मथळा नसतो. परंतु एकाच देशाच्या दोघी एकमेकींना अशा रीतीने खेचीत असतात तेव्हाच विक्रमांना वेग येतो. मे २०१६ मध्ये शांघाय येथे सुधा सिंग ह्यांनी राष्ट्रीय विक्रम पुन्हा आपल्याकडे घेतला. तीन महिन्यांत रिओला तो ललिता बाबर ह्यांनी परत मिळवला. एकीची कारकीर्द दुसरीला वगळून लिहिताच येणार नाही.

शर्यत बदलल्याने मॅरेथॉन सुटली काय? येथे आकडे एक अनपेक्षित गोष्ट सांगतात. जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे स्टीपलचेसचे एक वर्ष पुरे झाल्यावर, ललिता बाबर पुन्हा मुंबई मॅरेथॉन धावल्या. ह्या वेळी त्या पहिल्या आल्या नाहीत. ओ. पी. जैशा ह्यांनी २ तास ३७ मिनिटे २९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला, आणि २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत ललिता बाबर दुसऱ्या आल्या. विजेतेपद गेले म्हणून ह्याला पराभव म्हणावयाचे असल्यास म्हणावे. परंतु त्याच शहरात, त्याच महिन्यात, आदल्या वर्षीपेक्षा त्या सुमारे बारा मिनिटे आधी पोचल्या होत्या, आणि १९९५ पासून टिकलेला जुना राष्ट्रीय विक्रम जैशांबरोबर त्यांनीही ओलांडला होता. तिन्ही विजेतेपदांपेक्षा हे दुसरे स्थान मला अधिक मोलाचे वाटते. दर किलोमीटरला तीन मिनिटे दहा सेकंदांच्या आसपास धावण्याची सवय झालेल्या शरीराला पावणेचार मिनिटांची चाल सोपी जाते, हे तत्त्व प्रशिक्षकांना जुनेच आहे. ते इतक्या उघडपणे एका व्यक्तीच्या दोन वर्षांच्या आकड्यांत क्वचितच पाहावयास मिळते. आधी वेग आणि मग पल्ला हा क्रम त्यांनी चोविसाव्या वर्षी उलट्या टोकाकडून शोधून काढला.

पुढील प्रगती झपाट्याची आहे. जून २०१५ मध्ये वूहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९ मिनिटे ३४.१३ सेकंदांत सुवर्णपदक. ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ९ मिनिटे २७.८६ सेकंद आणि अंतिम फेरीत आठवा क्रमांक. ह्या शर्यतीच्या जागतिक अंतिम फेरीत पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीस फेडरेशन कप स्पर्धेत ९ मिनिटे २७.०९ सेकंद. आणि १३ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद. त्या आपल्या गटात चौथ्या आल्या आणि वेळेच्या बळावर अंतिम फेरीस पात्र ठरल्या. इंचॉनच्या ललिता बाबर आणि रिओच्या ललिता बाबर एकाच शर्यतीत धावल्या असत्या, तर दुसरी पोचली तेव्हा पहिली अजून सुमारे ८० मीटर मागे दिसली असती. हे अंतर दोन वर्षांत कापलेले आहे.

१५ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत त्यांनी ९ मिनिटे २२.७४ सेकंद घेतले. बहारीनच्या रूथ जेबेट ८ मिनिटे ५९.७५ सेकंदांत पहिल्या आल्या. तेवीस सेकंदांचे हे अंतर मोठे आहे आणि ते लहान करून सांगण्यात अर्थ नाही. जगातील सर्वोत्तम दहांत येणे आणि पदकाच्या टप्प्यात असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपली भाषा मात्र ह्यांतील पहिलीसाठी मोठी दरिद्री आहे. 'पदक हुकले', 'पदकाने हुलकावणी दिली' असे आपण लिहितो. ह्या वाक्यांत कर्ता पदक असते. धावणारी कोठेच नसते. अंतिम फेरीत पोचण्यासाठी आपण 'धडक मारली' असे म्हणतो. ज्या शर्यतीतील अडसर पडत नाही, तीत धडक मारणाऱ्याचे काय होईल ह्याचा विचार हा वाक्प्रचार योजणाऱ्याने केलेला नसतो.

ह्याच संदर्भात आणखी एका विधानाची दुरुस्ती आवश्यक आहे. १९८४ मध्ये लॉस एंजलिस येथे पी. टी. उषा चारशे मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत धावल्या आणि शतांश सेकंदाने त्यांचे कांस्यपदक गेले. त्यानंतर बत्तीस वर्षांनी ललिता बाबर ऑलिंपिकच्या धावमार्गावर अंतिम फेरीत पोचल्या, असे सर्वत्र छापले गेले. ह्यातून 'वैयक्तिक' हे विशेषण वारंवार गळाले. ते गाळले म्हणजे २००४ साली अथेन्सच्या अंतिम फेरीत धावलेला भारतीय महिलांचा ४ गुणिले ४०० मीटर रिले संघ इतिहासातून नाहीसा होतो. एका विशेषणाच्या लोपाने चार जणींची धाव पुसली जावी, हे भाषेच्या अभ्यासकाने तरी खपवून घेऊ नये.

उषांचे नाव निघाले म्हणून टोपणनावांविषयी थोडेसे. त्यांना त्यांच्या गावावरून 'पय्योली एक्स्प्रेस' म्हणत. तेव्हापासून गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावास 'एक्स्प्रेस' जोडण्याचा साचा तयार झाला. आसामच्या हिमा दास 'ढिंग एक्स्प्रेस' झाल्या. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूला त्याच शर्यतीचे रौप्यपदक मिळवणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत 'सावरपाडा एक्स्प्रेस' झाल्या. आणि ललिता बाबर 'माणदेशी एक्स्प्रेस'. मिल्खा सिंग ह्यांच्या वाट्याला 'उडणे' आले, मुलींच्या वाट्याला मात्र आगगाडी आली. आगगाडी रुळांवरून न थांबता धावते, तिच्या वाटेत तुळया आणि पाण्याचे खड्डे नसतात. शिवाय माण तालुक्यातून आगगाडी जात नाही. ललिता बाबर ह्यांचा आगगाडीशी संबंध आला तो त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली तेव्हा. 'माणदेशी' ह्या विशेषणाची कथा थोडी वेगळी आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९४९ सालच्या पुस्तकापासून मराठी वाचकाच्या कानात ह्या शब्दाबरोबर ओसाड माळ, गरिबी आणि सोशिकपणा वाजतो. त्यामुळे 'माणदेशी एक्स्प्रेस' ह्या जोडशब्दाचा पूर्वार्ध सहन करणारा आणि उत्तरार्ध धावणारा. दोहोंच्या मध्ये निर्णय घेणारी जी बाई होती, जिने चोविसाव्या वर्षी हातची शर्यत सोडून दुसरी धरली, तिच्यासाठी ह्या नावात जागा नाही.

रिओनंतर त्या पातळीवरची त्यांची शर्यत पुन्हा पाहावयास मिळाली नाही. स्टीपलचेसमधील त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द इंचॉनपासून रिओपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून कमी भरते. सत्तावीस हे वय लांब पल्ल्याच्या धावपटूसाठी उताराचे नव्हे. म्हणूनच मॅरेथॉनच्या रस्त्यावर गेलेली आरंभीची वर्षे मैदानावर गेली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर आकड्यांतून निघणार नाही. एवढे मात्र सांगता येते की, त्यांचा ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे टिकला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत मेरठच्या पारुल चौधरी ह्यांनी ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत तो मोडला.

ललिता बाबर पुढे महाराष्ट्र शासनाच्या सेवेत उपजिल्हाधिकारी झाल्या. तेथे एक व्याकरणिक बदल घडला, त्याची नोंद करतो. धावत होत्या तोवर वृत्तपत्रांत त्या 'ती' होत्या. अधिकारी झाल्यावर 'त्या' झाल्या. ह्यात उपेक्षाच आहे असे म्हणता येत नाही, कारण मराठीत देवाला, आईला, कवीला आणि खेळाडूला आपण एकेरीतच ठेवतो, आणि पुरुष खेळाडूही 'तो'च असतो. प्रस्तुत लेखात आदरार्थी अनेकवचन योजले आहे. मात्र इंचॉन आणि रिओ येथील दोन धावांची तुलना करताना, आणि हातची शर्यत सोडणाऱ्या त्या बाईविषयी लिहिताना, लेखणी आपोआप एकेरीवर आली. वाचून पाहिल्यावर ते ध्यानात आले, आणि तसेच राहू दिले.